बोरमाळेतले तेरा मणी

आमच्याकडे मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक मुलीच्या माहेरची असते आणि एक सासरची. दोन्ही घरांनी आपापली वाटी आपापल्या सोन्याची करायची आणि लग्नाआधी सोनाराने त्या शेजारीशेजारी ओवून द्यायच्या. माझ्या आईचं मंगळसूत्र असंच झालं होतं आणि बायकोचंही. आता दुकानात दोन्ही वाट्या जोडूनच मिळतात. वस्तू एक, तिच्यावरचा शिक्का एक, नंबर एक आणि बिलही एकच. मुलाचं लग्न ठरल्यावर आम्ही वाशीच्या एका मोठ्या शोरूममध्ये विचारायला गेलो, तेव्हा काउंटरवरची मुलगी फार नम्रपणे म्हणाली, "सर, बिल कोणाच्या नावाने करू?" बायको तिथेच उठली.

"बिल एका बापाचं आणि पोरगी दुसऱ्याची, असं नको," ती बाहेर आल्यावर म्हणाली. "आपल्या सराफाकडे करू. जुन्या पद्धतीने."

आपला सराफ म्हणजे कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरच्या मार्केटमधलं दहा बाय बाराचं दुकान. आम्ही या वस्तीत राहायला आलो त्याच सुमारास तेही उघडलं. पूर्वी तो दाराशी एका काळ्या पाटीवर खडूने सोन्याचा भाव लिहायचा. गेल्या दिवाळीच्या आधी त्याने ती पाटी काढून टाकली. सकाळी लिहिलेला भाव दुपारी खोटा ठरायचा आणि गिऱ्हाईक सकाळचाच फोटो दाखवून भांडायचं. आता ती पाटी आत भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर लटकतं.

भाव रोज चढत होता म्हणून बायकोने घाई केली. साखरपुड्याच्या आधीच आमच्या बाजूची वाटी घडवून घेतली, अडीच ग्रॅमची. मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. त्यामुळे घडणावळ किती, घट किती, जीएसटी कशावर लावला, हे सगळं मी सराफाला विचारलं. तो वैतागत नाही. "साहेब, तुम्ही आलात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," एवढंच म्हणतो.

साखरपुडा दिघ्याला, मुलीच्या घराजवळच्या एका समाजमंदिरात झाला. व्याही एका कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मूळचे जुन्नरकडचे, पण बोलणं पक्कं दिघ्याचं. पत्नी मुलीच्या लहानपणीच वारली. त्यामुळे घरात बाप आणि मुलगी अशी दोघंच. जेवणं झाल्यावर बोलणी निघाली तेव्हा व्याही सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहिले. कुणी काही मागितलं नव्हतं.

"माझ्या आईची बोरमाळ हाय," ते म्हणाले. "अडीच तोळ्याची. तिच्यातनं माझ्या बाजूची वाटी होईल, जावईबापूंना अर्ध्या तोळ्याची अंगठी होईल, आणि उरेल त्यात पोरीला बांगड्या. मी सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको, बापाने हात आखडला."

पाहुण्यांत दोन-तीन माना पसंतीने हलल्या. अलीकडे अर्ध्या तोळ्याची अंगठी कोण देतं? परतताना रिक्षात बायको माझ्या कानाशी म्हणाली, "बोरमाळ आतून लाखेची तर नसेल?"

बोरमाळेचे मणी बोराएवढे असतात. पूर्वी बरेच सोनार ते पातळ पत्र्याचे करत आणि चेमटू नयेत म्हणून आत लाख भरत. बायकांना हे माहीत असतं. व्याह्यांच्या घरात ते सांगायला बाई उरली नव्हती. मी म्हटलं, आपण कसं विचारणार?

पंधरवड्याने व्याही मुलीला घेऊन सराफाकडे आले. आम्ही दोघं आधीच जाऊन बसलो होतो. दुकानात घणसोली गावातल्या एक बाई होत्या. अंगावर एरवीच्या दिवशीसुद्धा चांगलं सोनं असणाऱ्यांपैकी. पण त्यांच्या पुढ्यात उघडलेला डबा सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांचा होता.

"खरा समदा लॉकरमधी हाय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "हलदीला ह्यो पालिशचाच घालनार पोरीला. फोटूत कोन वळखतंय? आनि नाचताना पडला तरी जीव जात नाय."

त्या गेल्यावर सराफाने डबा आवरला. "बघितलंत ना वहिनी? या गावातल्या घरांवर माझं दुकान चाललं. एका हळदीला तीस-तीस तोळे काढून न्यायचे. आता मी सोनार आणि विकतो पॉलिश." मग त्याने वर माळ्याकडे बोट केलं. "वर चार कारागीर बसायचे. बंगालकडचे. काम नाही म्हणून तिघं गावी गेले ते परत आले नाहीत. येतं ते सगळं मोडीचं. जुनं द्या, नवं घ्या. नवीन पैसा दुकानात येतच नाही. भाव वाढला की लोकांना वाटतं सोनाराची दिवाळी. अहो, मला पण माल त्याच भावाने भरावा लागतो."

इकडे आमची होणारी सूनबाई काचेखालची हिऱ्यांची एक लहान कुडी बघत होती. "काका, हे लॅबचे आहेत?"

"नाही, खाणीतले. लॅबचे हवेत तर मागवून देतो. तुमच्या वयाच्या मुली तेच विचारतात." सराफ माझ्याकडे वळला. "खाणीतला माल घेऊन ठेवलाय, तो पडून आहे. लॅबवाला त्याच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात मिळतो. बरं, माझ्याकडची ही तपासायची पेन आहे ना, ती दोन्हीला हिराच म्हणते. कारण तो हिराच असतो. मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, बिलावर लिहून देतो. पण काही जण तोंड वाकडं करतात. म्हणतात, कारखान्यातला म्हणजे खोटाच."

व्याही इतका वेळ पिशवी मांडीवर धरून बसले होते. ते म्हणाले, "कारखान्यात बनला म्हणून खोटा कसा? मी जन्मभर कारखान्यातच होतो."

सराफ मोठ्याने हसला. सूनबाईही हसली. वातावरण सैल झालं आणि व्याह्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बोरमाळ काढली.

वस्तू देखणी होती. रेशमी गोफ काळपट झाला होता, पण मण्यांचा पिवळेपणा जुन्या चोख सोन्याचा, थोडा मऊ दिसणारा होता. सराफाने ती काट्यावर ठेवली. चोवीस ग्रॅम.

"बरोबर," व्याही म्हणाले. "मी कंपनीत असताना स्टोअरच्या काट्यावर केली होती. चोवीसच भरली होती. गोफ झिजून हलका झालाय, नायतर आई अडीच तोळेच म्हणायची."

काटा खरा होता आणि वजनही खरं होतं. सराफाने एक मणी बोटांत धरून हलवला, नखाने टिचकी मारली आणि माझ्या बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"पाहुणे," सराफ म्हणाला, "जुनी बोरमाळ आहे. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला आकडा सांगता येणार नाही. एक मणी उघडू का? उघडलेला मणी परत पहिल्यासारखा होणार नाही. आणि एकदा मूस लावून वितळवली की माळच राहणार नाही. म्हणून आधी एकच."

"उघडा की," व्याही म्हणाले.

गोफ सोडून सराफाने माळेच्या टोकाचा मणी काढला, कात्रीने उभा कापला आणि दोन अर्धी करवंटीसारखी उघडली. आत तपकिरी लाखेचा गोळा होता, सुकलेल्या फळाच्या बीसारखा. त्याने तो बाजूला काढला, पत्र्याचे दोन तुकडे पुसले, कसाच्या मशिनखाली धरले, मग लहान काट्यावर ठेवले.

"सोनं चोख आहे," तो म्हणाला. "साडेबावीस कॅरेट. आजकाल असं मिळत नाही."

वजन त्याने लगेच सांगितलं नाही. पण काट्याचा आकडा माझ्या बाजूला होता. शून्य पॉइंट वीस. मणी चाळीस आहेत हे माळ टेबलावर आली तेव्हाच मी मोजून ठेवलं होतं. मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं, पण हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतो. आठ ग्रॅम. चोवीसचे आठ. दुकानात त्या क्षणी हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि सराफाला. समोर व्याही खुर्चीच्या कडेला बसून "चोख" या शब्दावर समाधानाने मान हलवत होते. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. आकडा आधी कळण्याचा मला आयुष्यात एरवी फायदाच झाला. त्या दिवशी तो नको होता.

"किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"शून्य पॉइंट दोन. एका मण्याचं."

ते बोटांवर मोजायला लागले. "दोन... चाळीस मणी... दहाला दोन ग्रॅम..."

"आठ, पप्पा," सूनबाई म्हणाली. "आठ ग्रॅम."

व्याह्यांनी लाखेचा गोळा उचलला. दोन बोटांत फिरवला. "म्हणजे आई ही लाख गळ्यात घालून हिंडत होती?"

"सगळ्याच घालायच्या, भाऊ," माझी बायको म्हणाली. "माझ्या आजीची पण अशीच होती. त्यात फसवणूक नव्हती हो. हलकी व्हावी, दिसायला भरदार व्हावी म्हणून तसंच करायचे."

"फसवलं नाय, ते कळतंय. मीच कधी विचारलं नाय." त्यांनी गोळा काट्याशेजारी ठेवला. मग सराफाला म्हणाले, "आठात काय होईल?"

सराफाने कॅल्क्युलेटर घेतला. वाटीला अडीच, अंगठीला पाच. साडेसात. उरलेलं अर्धं घटीत आणि घडणावळीच्या काही भागात जाईल. बांगड्यांचं आता नाव नको.

"मग झालं तर. वाटी होते, अंगठी होते. लावा मूस."

सूनबाईचा हात माळेवर होता. तिने तो काढून घेतला नाही. ती आजीला कधी भेटली नव्हती. पण साखरपुड्याच्या दिवशी तिने हीच माळ घातली होती, आणि आमच्या घरातल्या बायकांनी तिला जवळ बसवून एकेक मणी बघितला होता. वाटी आणि अंगठी होणार, म्हणजे जावयाला शब्दाप्रमाणे मिळणार, आणि मुलीच्या वाट्याला तिच्या आजीच्या माळेतलं वाटीपुरतं सोनं येणार, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार.

"बांगड्या तिला नंतर करीन," व्याही कुणी न विचारताच म्हणाले.

या भावात नंतर म्हणजे कधी, हे मी बोललो नाही. मी एवढंच म्हटलं, "अंगठी राहू द्या. खरं सांगतो, पोराला अंगठी चालत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये आत जाताना हातात काही ठेवू देत नाहीत."

हे खरं होतं. मुलगा नेरूळच्या एका हॉस्पिटलात थिएटर टेक्निशियन आहे. व्याह्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"साहेब, तुमी नको म्हणालात म्हणून दिली नाय, असं लोकं म्हणत नाहीत. दिली नाय, असं म्हणतात. मी चार माणसांत उभा राहून बोललोय."

"पप्पा, आपण घरी जाऊन ठरवू," सूनबाई म्हणाली.

ते उठले. एकोणचाळीस मणी, कापलेल्या मण्याचे दोन तुकडे आणि लाखेचा गोळासुद्धा त्यांनी रुमालात बांधला. सराफाने सरबत मागवलं होतं, ते तसंच राहिलं.

पुढचे आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सोनं रोज थोडं वर जात होतं आणि बायकोचा जीव खाली. तिची भीती मला पटत होती. हा माणूस शब्दासाठी पतपेढीत जाईल, नाहीतर कुठेतरी सोनं तारण ठेवून अंगठी आणील. हप्ते तो फेडत बसेल आणि आपली सून महिनाअखेरीला बापाकडे पैसे पाठवत राहील. आपल्या मुलाच्या बोटासाठी.

"तू फोन कर," ती मुलाला म्हणाली.

"मी काय सांगू? मला अंगठी नको? मग ते आणखी हट्टाने आणतील. तू त्यांना ओळखत नाहीस, आई."

"तू ओळखतोस?"

"त्यांच्या पोरीला ओळखतो ना. ती त्यांच्यावरच गेलीय."

शेवटी एका रविवारी मीच दिघ्याला गेलो. व्याह्यांची खोली वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्याने चढून. जिन्याचा कठडा त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलेला, हे त्यांनीच सांगितलं. खोलीत फॅनचा आवाज होता आणि सूनबाई ड्युटीवर गेलेली. त्यांनी स्वतः चहा केला. मी सोन्याचा विषय काढायला शब्द शोधत होतो. त्यांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर झाकण उघडलं. आत दोन पुड्या होत्या.

"ही वाटीची," त्यांनी पहिल्या पुडीवर बोट ठेवलं. "तेरा मणी. कापलेला धरून. बाराचे दोन पॉइंट चार होतात, कमी पडतात. तेराचे दोन पॉइंट सहा. बरोबर ना?"

"बरोबर."

"तुमची वाटी अडीचची. माझी बी अडीचचीच पायजे. एक जड आणि एक हलकी झाली तर सूत्र एका अंगाला लोंबतं. हे मला सराफाने नाय, माझ्याच डोक्याने सांगितलं. मशिनला दोन्ही बाजूचं वजन सारखं नसलं की बेअरिंग जातं." ते थोडं हसले. "आणि ही दुसरी पुडी पोरीची. सत्तावीस मणी. ते ती तसेच घालेल. रात्री मी विचारलं, तुला काय पायजे खरं सांग. तर म्हणाली, बांगड्या मिळतात कुठेपन, आजीची माळ मिळत नाय. मग म्हटलं, ठीक हाय."

मला फार बरं वाटलं. पण अंगठीचं काय, हे विचारणं भाग होतं.

"अंगठीचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "कर्ज काढणार नाय. तुमच्या मनात तेच हाय ना? विहीणबाईंच्या पण असणार. काढणार नाय. पोरीची शपथ घ्यायची मला सवय नाय, पण तुमाला सांगतो. मी देणार, ती माझ्या पेन्शनच्या पैशातली देणार आणि लपवून काही देणार नाय."

उठताना त्यांनी जिन्यापर्यंत येऊन कठडा हलवून दाखवला, तो जागचा हलला नाही.

वाटी घडवायच्या दिवशी आम्ही दोघं व्याही माळ्यावर कारागिराजवळ बसलो. उरलेल्या एकाच कारागिराजवळ. त्याने मणी गरम करून आधी लाख काढली. जळक्या लाखेचा वास दुकानभर झाला, मी शाळेत असताना पोस्टात पार्सलवर लाखेचं सील मारायचे तसा. मग तेरा मण्यांचे चुरगळलेले पत्रे मुशीत गेले. वर निळी ज्योत सोडल्यावर ते आधी आकसले आणि मग एकदम एकत्र आले, एक छोटा, थरथरणारा, चकचकीत थेंब. व्याही वाकून बघत होते. कारखान्यात भट्टी बघितलेला माणूस, पण हा थेंब त्यांनी श्वास रोखून बघितला.

"एवढंसं," ते म्हणाले.

"एवढंच लागतं," कारागीर त्याच्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाला.

थेंब गार झाल्यावर काट्यावर त्याचं वजन आमच्या हिशेबापेक्षा किंचित कमी भरलं, पण अडीचच्या वर. चार दिवसांनी वाटी शिक्का मारून आली. आमच्या वाटीवर तिचा नंबर, त्यांच्या वाटीवर तिचा. सराफाने दोन्ही एकेका पारड्यात ठेवल्या. त्यासाठी त्याने खास जुना, दोन पारड्यांचा तराजू काढला होता. दुकानात तो आता फक्त लक्ष्मीपूजनाला निघतो. काटा मधे थांबला. व्याह्यांनी तो नीट थांबेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. उरलेल्या कणभर सोन्याची सराफाने दोन वाट्यांना जोडणारी कडी केली आणि घडणावळ दोघांनाही सारखी लावली. ते मी बिलावर तपासलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं तुम्ही तपासणार."

सत्तावीस मण्यांची माळ आखूड झाली, गळ्यालगत बसणारी. सराफ म्हणाला, सत्तावीस बरे, मधे एक मणी येतो आणि दोन्ही बाजूला तेरा-तेरा.

लग्न आमच्याच सेक्टरमधल्या एका हॉलमध्ये झालं. बाकीचं लग्नासारखं लग्न. मला लिहायचंय ते अंगठीचं. कानपिळीच्या नंतर व्याही पुढे आले, खिशातून एक लाल डबी काढली आणि मुलाच्या बोटात अंगठी घातली. साधी, गोल, एक बारीक खडा. बोटात बसली. माप त्यांनी सूनबाईकडून गुपचूप घेतलं असणार. माझ्या मोठ्या भावाने, जो अशा गोष्टीत मागे राहत नाही, मुलाचा हात स्वतःकडे ओढून बघितला आणि म्हणाला, "वा. रंग जरा फिका वाटतो का हो? किती तोळ्याची?"

व्याह्यांनी मात्र आवाज खाली घेतला नाही. उलट स्टेजभर ऐकू जाईल एवढा ठेवला.

"पाच ग्रॅमचीच हाय. बोललो होतो तेवढ्याच वजनाची. पण नऊ कॅरेटची. आता नऊ कॅरेटला पण सरकारी शिक्का मिळतो. शंभरात साडेसदतीस भाग सोनं, बाकी चांदी-तांबं. खडा हिराच, पण लॅबमधला." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी आकडेवाले. मोबाइल काढा आणि आतला नंबर बघा. सगळ्यांसमोर बघा."

मी चष्मा शोधला. अंगठी काढून घेतली. आतला नंबर इतका बारीक होता की मला फोटो काढून मोठा करावा लागला. स्टेजवर नवरा-नवरी आहेराला उभे, फोटोग्राफर खोळंबलेला आणि मी मोबाइलमध्ये सहा अक्षरं टाकतोय, हे दृश्य अल्बममध्ये आहे. सून ते सगळ्यांना दाखवते. हॉलमार्क तपासायच्या सरकारी अॅपमध्ये माहिती आली. वस्तू अंगठी. शुद्धता तीनशे पंचाहत्तर, म्हणजे नऊ कॅरेट. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. एरवी मी असं करणारा माणूस नाही, पण त्यांना ते हवं होतं.

"जेवढं लिवलंय तेवढं हाय," व्याही म्हणाले.

भावाने मान डोलावली. "हे बरं केलंत," तो म्हणाला. "माझ्या जावयाला दिलेली बावीसची म्हणून दिली होती. परवा मोडायला नेली तर अठरा निघाली." आणि त्यावर मग तो स्वतःच्या सोनाराबद्दल बराच वेळ बोलत राहिला, आहेराची रांग अडवून.

लग्नाला आता वर्ष होईल. सून कामाला जाताना मंगळसूत्र घालत नाही. ते कपाटात असतं, सणाला निघतं. बोरमाळ मात्र ती वरचेवर घालते, साध्या ड्रेसवरसुद्धा. तिच्या मैत्रिणींना ती नवीन फॅशनची वाटते. सराफाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, तशा लाख भरलेल्या हलक्या माळा हव्यात म्हणून आता दोघीतिघी विचारून गेल्या, पण असं काम करणारा कारागीर त्याच्याकडे नाही. वरचा शेवटचाही सुट्टीवर गेला होता आणि कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

मुलगा अंगठी सुट्टीच्या दिवशी घालतो. नऊ कॅरेटमध्ये तांबं जास्त, त्यामुळे ती घामाने थोडी काळवंडते. परवा रविवारी व्याही जेवायला आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, अंगठी बोटातून काढली, उजेडाकडे धरली.

"काळी पडली का?"

"थोडीशी. पुसली की जाते," मुलगा म्हणाला.

त्यांनी ती शर्टाच्या बाहीवर घासली. बराच वेळ घासली, एक बाजू, मग दुसरी, मग खड्याभोवती अंगठ्याच्या नखाला बाही गुंडाळून. मग परत उजेडात धरून बघितली आणि मुलाच्या बोटात स्वतःच्या हाताने घातली.

"जाते," ते म्हणाले, आणि सुपारीचा डबा जवळ ओढला.